आडवी डहाळी

आमचा गेम अजून पूर्ण झालेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण टाकव्यात मी डेअरीत दूध घालायला निघाले तरी तीन माणसं विचारतात, "कोमल, झाला का गं तुझा गेम?" जशी काही तव्यावर भाकरी टाकलीय. चौथं वर्ष चालू आहे. हिंजवडीची नोकरी सोडून मी घरी बसले, असं लोक म्हणतात. मी म्हणते कामाला लागले. माझे वडील, सोपानअण्णा, यांचा हिशेब वेगळा असतो. "चार वर्सांत आपली म्हस तीन येळा व्याली," ते म्हणतात, आणि पुढचं बोलायची त्यांना गरज वाटत नाही.

गेमचं नाव 'घाटवाट'. त्यात बंदुका नाहीत, राक्षस नाहीत. अंदर मावळाचा डोंगर आहे, आणि खेळणारा एकटा त्यात शिरतो. माथ्यावर खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, तिथं पोचायचं आणि मग घाटाने खाली कोकणात उतरायचं. कुठल्या वाटेने, हे ज्याचं त्याने ठरवायचं. नकाशा नाही, बाण नाही, कोपऱ्यात लुकलुकणारा ठिपका नाही. बनवणाऱ्या आम्ही दोघी. प्रोग्रॅमिंग माझं, आणि झाडं, दगड, ढग, माणसं ज्योत्स्नाची. ज्योत्स्ना लोणावळ्याची, त्यामुळे धुकं तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

मी मात्र स्वतःला अस्सल मावळची समजत होते. तोवर आमच्या मागचे डोंगर मी बहुतेक जीपच्या खिडकीतून पाहिले होते, ही गोष्ट मी ज्योत्स्नालाही सांगितली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला शेळ्या दिसत होत्या, उंट दिसत नव्हता.

डोंगर खरा माहीत होता तो बहिरूआबांना. उंबरवाडी ही आमच्या वरच्या पठारावरची वीस-बावीस घरांची वाडी, आबा तिथले. तरुणपणी डोक्यावर ओझी घेऊन ते कुसुरच्या घाटाने कर्जतला उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी मीठ-मिरची घेऊन वर यायचे. पुढे पुण्या-मुंबईच्या ट्रेकवाल्यांना वाट दाखवायचे. आता गुडघा गेलाय. दोन हिवाळे ते आमच्या ओट्यावर बसून मला डोंगर सांगत राहिले. ज्योत्स्नाने काढलेलं चित्र बघायचे आणि म्हणायचे, "ह्या अंगाला कारवी न्हाई, पल्याडच्या अंगाला हाय." ती मुकाट्याने शेकडो झुडपं उचलून पल्याड नेऊन लावायची. गेममध्ये वाटेत एक म्हातारा भेटतो. चेहरा ज्योत्स्नाने आबांचाच काढला आणि आवाजही त्यांचाच घेतला. त्या आवाजाशिवाय आमचा डोंगर म्हणजे नुसता रंगवलेला पुठ्ठा, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

एकदा असंच बोलता बोलता ते म्हणाले, "फाट्याला डहाळी टाकायची. मागनं येनाराला कळतं."

मी खूश! बाणाऐवजी डहाळी. मी वहीत लिहून घेतलं, आणि गेममध्ये जिथं जिथं वाट फुटते तिथं तिथं बरोबर वाटेवर पानांची डहाळी टाकली. चारशे बारा डहाळ्या. कुठल्या वाटेवर टाकायची, हे मी विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? आमच्या गावात लग्नघराच्या रस्त्याला आंब्याचे टाळे बांधतात, टाळा दिसला की पाहुणा वळतो. हिरवी फांदी म्हणजे 'इकडे या', हे टाकव्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

नोव्हेंबरात लोणावळ्याच्या एका कॉलेजात नव्या गेमवाल्यांचा मेळावा होता. आम्हाला एक टेबल मिळालं. आबांना मी गेम मुद्दाम आधी दाखवला नव्हता, एकदम मोठ्या पडद्यावर दाखवून चकित करायचं होतं. ते आले ते इस्त्रीचा सदरा आणि नवी टोपी घालून. बरोबर सून, निर्मला. एक दिवसाची मजुरी बुडवून ती सासऱ्याचा डोंगर बघायला आली होती.

सकाळपासून पन्नासेक पोरापोरींनी गेम खेळून पाहिला होता. सुरुवातीला मी पडद्यावर एक ओळ दिली होती, 'डहाळी वाट दाखवते.' तेवढं वाचून सगळे डहाळीमागून डहाळी पकडत सरळ टाक्यापर्यंत पोचत होते. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मग मी आबांना खुर्चीत बसवलं, हातात कंट्रोलर दिला आणि जमलेल्यांना सांगितलं, "हे आमचे गुरू. हा डोंगर यांचाच आहे."

ओळ त्यांनी वाचली नाही. वाट पाटीवर वाचायची त्यांना सवयच नाही. अंगठ्याने चालायला मात्र ते दोन मिनिटांत शिकले. पहिल्या फाट्यावर आले, थांबले. उजवीकडच्या वाटेवर डहाळी होती. त्यांनी बघितली, आणि शांतपणे डावीकडे वळले. वीस पावलांवर कडा होता. गेले खाली. पडदा काळा झाला आणि ते पुन्हा फाट्यावर उभे. पुन्हा डहाळी बघितली, पुन्हा डावीकडे, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मागे खसखस पिकली. एक पोरगी कळवळून म्हणाली, "आजोबा, डहाळी आहे ना, तिकडे जा!"

आबांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ही डहाळी कुनी टाकली?"

"मीच, आबा," मी म्हणाले. तोंडभर हसत म्हणाले, हे आठवलं की अजून कान तापतात.

"असं व्हय," ते म्हणाले. टोपी नीट केली, निर्मलाला खूण केली आणि दोघं एसटी पकडायला निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी निर्मलाचा फोन आला. "ताई, आबा म्हनत्यात, तुमच्या खेळातनं माजं नाव आन् आवाज काढून टाका." कारण विचारलं तर म्हणाली, "ते बोलत न्हाईत. मला बी सांगत न्हाईत."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. चार पोरं हसली म्हणून म्हातारा रुसला, असं मी धरून चालले. दोन वर्षांचं काम त्यांच्या आवाजावर उभं होतं. फेब्रुवारीत डेमो जगभर खुला करायचा होता, आणि हे आता माघार घेतात! चार दिवस मी नाकाने कांदे सोलत घरात फिरले. शेवटी ज्योत्स्ना म्हणाली, "कोमल, दोन वर्षांत तो माणूस एकदाही उगाच बोललेला नाही. मग रुसेल तरी उगाच कसा? जा, वर जाऊन विचार."

म्हणून मी गेले. वाडीला जाणारी जीप बंद पडलेली होती, तेव्हा पायवाटेने. गवत पिवळं पडून कमरेइतकं झालं होतं. अर्ध्या तासाने एक फाटा आला, आणि डाव्या वाटेवर चक्क एक डहाळी! ताजी, पानांची, वर एक दगड ठेवलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून. मला इतका आनंद झाला की मी तिचा फोटो काढला. म्हटलं, बघा, हुबेहूब माझ्या गेमसारखी. डहाळी ओलांडून मी ऐटीत डावीकडे गेले.

शंभर पावलांवर वाट संपली. पावसाळ्यात कडेचा अख्खा तुकडा दरीत उतरला होता आणि वरून गवत झुकलेलं, त्यामुळे दिसेना. माझा पाय खाली गेला. एक करवंदीची जाळी हाताला लागली म्हणून ही गोष्ट सांगायला मी शिल्लक आहे. दोन्ही तळवे काट्यांनी फुटले. कशीबशी मागे सरकून बसले आणि मोठ्याने रडले. भीतीने रडले, लाज वाटायला अजून वेळ होता.

माझा आवाज ऐकून वरच्या अंगाने निर्मला धावत आली. डोक्यावरचा गवताचा भारा तिने तिथंच टाकला. "अवो ताई! डहाळी दिसली न्हाई का तुमाला? मी सोता टाकलीया परवा!"

"दिसली ना," मी हुंदके देत म्हणाले, "दिसली म्हणून तर आले!"

निर्मलाने कपाळाला हात लावला. "डहाळी आडवी असली म्हंजी ती वाट मेली. तिकडं जायाचं न्हाई. लहान लेकराला कळतं, ताई."

तिथंच, त्या गवतात, मला लोणावळ्याचा पडदा दिसला. आबा तिन्ही वेळा बरोबर चालले होते. हॉलमध्ये पन्नास माणसं होती, त्यांतला डोंगर वाचता येणारा एकटा माणूस पडत होता आणि आम्ही त्याला हसत होतो.

आबा अंगणात बसून टोपली विणत होते. मी समोर जमिनीवर बसले. रक्ताळलेले हात त्यांनी पाहिले, निर्मलाने काय घडलं ते सांगितलं. त्यांनी आधी हळद आणायला सांगितली. हळद लावून झाल्यावर मी म्हणाले, "आबा, चुकलं माजं. मला ठाऊकच नव्हतं. मी विचारलं न्हाई."

"पोरं हसली त्येचं काय न्हाई," ते म्हणाले. "मी लय येळा पडलोय, खरा पडलोय. पर त्या खेळात वाट सांगनारा म्हातारा म्हंजी मी ना? तोंड माजं, आवाज माजा. आन् त्येच्या डोंगरात डहाळी खोटी." टोपलीची एक काडी त्यांनी दोनदा घातली, दोनदा काढली. "आमच्यात भांडनं हुत्यात. वर्स वर्स बोलत न्हाईत लोकं. भाऊ भावाच्या दारात जात न्हाई. पर खोटी डहाळी कुनी टाकत न्हाई. वैऱ्याच्या वाटंवर बी न्हाई. आमची उंबरवाडी खोटी डहाळी टाकती, असं तू जगाला दाखीवनार हुतीस."

मी विचारलं, "डहाळी टाकतं कोण? कुणीबी टाकू शकतं?"

"जो त्या वाटंनं जाऊन चुकून माघारी आला, त्यो. आपून पडलो, मागचा पडू ने. गेल्याबिगर टाकायची न्हाई. आन् पावसाळा सरला का समदी मिळून वाट बांधत्यात. ज्यानं वाट बांधली त्यानं डहाळी उचलायची." मग ते पहिल्यांदा जरा हसले. "उलट्या कर समद्या. मी परत चालून बघीन. मग सांगीन नाव ठिवायचं का काढायचं."

खाली येऊन ज्योत्स्नाला सांगितलं. ती लॅपटॉप उघडत म्हणाली, "चारशे बारा?"

"चारशे बारा."

"चल."

नुसत्या डहाळ्या उलट्या करून भागत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. 'डहाळी वाट दाखवते' ही ओळ मी पुसून टाकली. तिच्या जागी काहीच लिहिलं नाही. आता गेम सुरू होतो तेव्हा आबा तुमच्या पुढे पन्नास पावलं चालत असतात. फाट्यावर ते एका वाटेत शिरतात, थोड्या वेळाने डोकं हलवत परत येतात, डहाळी मोडून त्या वाटेवर आडवी टाकतात, वर दगड ठेवतात आणि दुसऱ्या वाटेने निघून जातात. ज्याला बघायचं त्याने बघावं. आणि आणखी एक गोष्ट केली, ती मला सगळ्यात जास्त आवडते. खेळणाऱ्यालाही डहाळी टाकता येते, आणि ती मागून येणाऱ्या प्रत्येकाला, जगात कुठंही बसून खेळत असला तरी, दिसते. पण वाटेने जाऊन, चुकून, माघारी आल्याशिवाय गेम तुम्हाला डहाळी मोडूच देत नाही. उंबरवाडीचा कायदा मी जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये लिहिला. आठ ओळींचा आहे. तेवढ्या चांगल्या आठ ओळी मी हिंजवडीत सहा वर्षांत लिहिल्या नव्हत्या.

फेब्रुवारीत डेमो खुला झाला. नाव-आवाज तोवर असू द्या, चालून बघितल्यावर ठरवीन, असा आबांचा निरोप होता. कुणी लिहिलं, सुंदर आहे. कुणी लिहिलं, बाण कुठाय, मूर्खांनो. नऊ दिवसांनी, रविवारी सकाळी, आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन उंबरवाडीच्या शाळेच्या ओसरीवर बसलो. तिथल्या जांभळीखाली मोबाईलला रेंज येते, म्हणून फोन फांदीला बांधला. सगळी वाडी जमली. आबा खुर्चीत बसले. या वेळी मी गुरू-बिरू काही म्हणाले नाही.

पहिला फाटा. आबांनी डहाळी पाहिली, दुसऱ्या वाटेने गेले. दुसरा, तिसरा. मागून म्हाताऱ्या बायका सांगत होत्या, "आता ओढा लागंल," आणि ओढा लागत होता. ज्योत्स्ना माझा हात दाबत होती. टाक्याच्या अलीकडे शेवटचा फाटा. आणि तिथं, सरळ वाटेवर, एक डहाळी आडवी.

ती माझी नव्हती. मी चारशे बाराही जागा तोंडपाठ सांगू शकते, आणि ही वाट चांगली होती, मी शंभर वेळा तिच्यावरून चालले होते. कुठंतरी प्रोग्रॅममध्ये गोंधळ झाला आणि नेमकी आज, सगळ्या वाडीसमोर, यांना पुन्हा खोटी डहाळी दिसतेय!

"आबा," मी म्हणाले, "ही डहाळी आमची न्हाई. कायतरी चुकलंय. तुमी सरळ जावा, वाट चांगलीय."

आबांनी पडद्यावरून नजर हलवली नाही. "तुजी नसंल. कुनाची तरी हाय," ते म्हणाले, आणि लांबच्या वाटेने वळसा घालून निघाले. दहा मिनिटं जास्त लागली. टाक्यापाशी पोचले, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी कंट्रोलर माझ्या हातात दिला.

मला काही राहवेना. मी गेममध्ये त्या फाट्यावर परत आले आणि डहाळी ओलांडून सरळ चालले. एक, दोन, तीन, चार पावलं. पाचव्या पावलाला जमीनच नव्हती. मी डोंगराच्या पोटातून आरपार खाली पडले, नुसत्या करड्या पोकळीत, वर उलटा डोंगर. गेल्या आठवड्यात ज्योत्स्नाने तिथला एक खडक जरा बाजूला केला होता आणि खाली भगदाड राहिलं होतं. आम्हा दोघींना पत्ता नव्हता.

मी घाईघाईने खेळणाऱ्यांच्या नोंदी उघडल्या. चार दिवसांपूर्वी चिली नावाच्या देशातला कुणी एक खेळाडू त्या भगदाडात तीनदा पडला होता. चौथ्यांदा तो तिथं आला, पडला नाही. त्याने फाट्यावर परत जाऊन डहाळी मोडली, वाटेवर आडवी टाकली आणि लांबच्या वाटेने गेला. त्याच्यानंतर त्या फाट्यावर एकसष्ट माणसं आली होती. एकही पडलं नव्हतं. बासष्टावी मी.

हे मी मोठ्याने सांगितलं. आमच्या डोंगरातला माणूस नाही, आमची भाषा येत नाही, आम्हाला एक तक्रार लिहिली नाही, पैशाचा गेम नाही की बक्षीस नाही. पडला आणि मागच्यासाठी डहाळी टाकून गेला. उंबरवाडी कुठं आणि चिली कुठं! मला इतका अभिमान वाटला की तो गेमचा, आबांचा, वाडीचा की त्या न पाहिलेल्या माणसाचा, हे वेगळं काढता येईना. ज्योत्स्ना डोळे पुसत होती आणि धुकं डोळ्यात गेल्याचं सांगत होती, लख्ख उन्हात.

आबांना मात्र नवल वाटलं नाही. "मग?" ते म्हणाले. "डहाळी हुती ना."

मी तिथंच ओसरीवर बसून खडक जागेवर घेतला, भगदाड बुजवलं, नवा डेमो चढवला. तासभर लागला, तोवर चहा झाला, पोरांचं भांडण झालं. मी म्हणाले, "आबा, ही चिलीवाली डहाळी मी कायमची ठेवणार. आठवण म्हणून."

"ठिवून काय करायची?" आबा म्हणाले. "वाट नीट झाली. आता ती डहाळी खोटी."

खरंच की. मी कंट्रोलर त्यांच्यापुढे धरला. "तर मग उचला तुमीच."

त्यांनी हात मागे घेतला. "मी कसा उचलू? ज्यानं वाट बांधली त्यानं उचलायची. उचल."

मी फाट्यावर गेले, दगड बाजूला केला, डहाळी उचलून कडेला टाकली आणि सरळ वाटेने टाक्यापर्यंत चालत गेले. पाय कुठं घसरला नाही.

"नाव ऱ्हाऊ दे माजं," आबा म्हणाले. "आवाज बी."

संध्याकाळी घरी आले तर अण्णा म्हशीची धार काढत होते. विचारलंच त्यांनी, "झाला का गं गेम?"

"न्हाई अजून," मी म्हणाले. "वाट बांधतीय."

गेममध्ये शेवटी आमची नावं येतात. ज्योत्स्नाचं आहे, आबांचं आहे. माझ्या नावापुढे पूर्वी इंग्रजीत 'डायरेक्टर' लिहिलेलं होतं. त्या संध्याकाळी मी ते खोडलं आणि लिहिलं, 'कोमल, टाकवे बुद्रुक. वाट बांधणारी.'